पैशाला पैसा जुळला तेव्हा बाबा ऐकायला लागले

आमच्या घरी कॉम्प्युटरला विरोध होता आणि त्याचं कारण मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात होतं, पण हे मला कळायला बारावी उजाडली, कारण बाबा कधी नीट सांगायचेच नाहीत, नुसतं "नको बाई ते, दुसरं काही बघ" म्हणायचे आणि उठून जायचे. बाबा परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानावर मुनीम. कीर्द म्हणजे रोजची नोंदवही, खतावणी म्हणजे खातेवार वही, शेतकऱ्यांच्या मालाच्या पैशाच्या हिशोबपट्ट्या, हमालांचा हिशोब, सगळं हातानं. आमच्या आळीतले एक काका दुसऱ्या मोठ्या दुकानावर मुनीम होते, त्या दुकानात कॉम्प्युटर आला आणि बघता बघता तिथल्या तीन मुनिमांचा एक झाला, काका घरी बसले, पुढं त्यांनी बसस्टँडजवळ रसवंती टाकली. बाबांच्या डोक्यात कॉम्प्युटर म्हणजे ते काका. आता ज्या मशीनपायी आपल्या बरोबरच्या माणसाची रोजी गेली तेच शिकायला आपली पोरगी निघाली म्हणल्यावर कुठला बाप खुश होईल, हे आज मला समजतं. तेव्हा फक्त राग यायचा.

२०१५ ला बारावी सायन्स झालं आणि घरात सल्ल्यांचा बाजार भरला. मामा म्हणाला बीएस्सी ॲग्री कर, परभणीला कृषी विद्यापीठ जवळ आहे, ॲग्री झालं की कृषी सहायक, बँक, एमपीएससी, सगळीकडं फॉर्म टाकता येतो. आईचं म्हणणं जीएनएम, म्हणजे नर्सिंग कर, दवाखाने कधी बंद पडत नाहीत. आत्या डी.एड. म्हणाली, पण आमच्याच भावकीत डी.एड. झालेले दोघं जण शिक्षकभरतीची वाट बघत शेती करत होते, टीईटी पास होऊन सुद्धा, त्यामुळं तो विषय तिथंच थांबला. मी म्हणलं मला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करायचंय. कुणी काही बोललंच नाही आधी. मग आई म्हणाली, "त्यात काय शिकवतेत? टायपिंग?"

आईला दोष नाही देत मी. आमच्याकडं कॉम्प्युटर म्हणजे एमएससीआयटीचं सर्टिफिकेट, सरकारी नोकरीला लागतं म्हणून करायचं आणि फाईलीत लावून ठेवायचं. आणि दुसरं म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून देणारा पोरगा. यापलीकडं कॉम्प्युटरवर पोट भरणारं माणूस आमच्या ओळखीत एकही नव्हतं. गावात डॉक्टर दिसतो, मास्तर दिसतो, तलाठी दिसतो, पोलीस दिसतो. प्रोग्रॅमर कुठं दिसणार? तो पुण्यात काचेच्या बिल्डिंगमधी बसलेला असतो, दिवाळीला येतो आणि परत जातो, काय करतो हे त्याच्या आईला पण धड सांगता येत नाही.

शाळेत आमच्या सरांनी परम संगणकाची गोष्ट सांगितली होती, अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला आणि पुण्यात सी-डॅकनं १९९१ ला परम ८००० स्वतः बनवला, ते काम ज्यांच्या हाताखाली झालं ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मला ती गोष्ट लई आवडायची. बाबांना एकदा मोठ्या उत्साहानं सांगितली. बाबांनी पूर्ण ऐकली आणि म्हणाले, "ते मोठे लोक झाले बाई. आपल्या सेलूतलं एक सांग." माझ्याकडं नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की ध्यानात बसली, घरच्यांना पटवायला मोठी नावं काही कामाची नाहीत. त्यांना त्यांच्या गल्लीतलं उदाहरण पाहिजे, त्यांच्या हातातल्या कामातलं पाहिजे.

ॲडमिशन झालं ते पैशाच्या बोलण्यावर झालं, स्वप्नाबिप्नाच्या नाही. आणि पैशाचीच तर बोंब होती. २०१४ चा पाऊस गेलेला, २०१५ चा पण, सोयाबीनचा उतारा नाही, मोंढ्यात आवक नाही म्हणल्यावर दुकानाला धंदा नाही आणि मुनिमाला वेळेवर पगार नाही. त्याच्याच पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, यावरून समजा दिवस कसे होते ते. त्यात बीएस्सी सीएस हा विनाअनुदानित कोर्स, साध्या बीएस्सीपेक्षा फी जास्त. मी एका वहीत सगळं लिहून काढलं, साध्या बीएस्सीची फी, याची फी, रेल्वेचा पास, पुस्तकं, आणि खाली लिहिलं की डिग्री शेवटी बीएस्सीच मिळते, उद्या एमपीएससी द्यायची असो का बँकेची परीक्षा, कुठलाच रस्ता बंद होत नाही. बाबांनी ती वही मुनिमासारखीच वाचली, बोट लावून ओळ न ओळ. एका ठिकाणी बेरीज तपासली. मग म्हणाले, "तीन वर्षं बघू. पण होस्टेल नाही, रोज येणंजाणं."

रोजच्या पॅसेंजरनं परभणी. सेलूहून सकाळची गाडी, मानवत रोडला गर्दी चढायची, दारात उभं राहून जावं लागायचं, उन्हाळ्यात लेट झाली की प्रॅक्टिकल बुडायचं. ते सगळं लांबण लावत नाही, मराठवाड्यातल्या निम्म्या पोरापोरींनी कॉलेज असंच केलंय. लॅबमधी कॉम्प्युटर कमी आणि आम्ही जास्त, एका मशीनवर तिघी. प्रोग्रॅम लिहायच्या टर्बो सी या सॉफ्टवेअरची ती निळी स्क्रीन, वर पिवळी अक्षरं. घरी कॉम्प्युटर नव्हता, तर मी प्रोग्रॅम वहीवर लिहायचे आणि कागदावरच चालवून बघायचे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेका बदलत्या किंमतीच्या नावाखाली (व्हेरिएबल) उभा कप्पा करायचा आणि लूप, म्हणजे परत परत चालणारा भाग, एकदा फिरला की किंमत खोडून नवीन लिहायची. नंतर कळलं याला ड्राय रन म्हणतात आणि पुढं इंटरव्ह्यूत हेच करायला लावतात. ज्यांच्याकडं आज घरी लॅपटॉप नाही त्यांना मी मनापासून सांगते, हे करा, यानं डोकं जेवढं तयार होतं तेवढं नुसतं रन दाबून होत नाही.

आता खरी गोष्ट.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली. मोंढा म्हणजे रोखीचा धंदा, शेतकरी माल घालतो, पट्टी घेतो, पैसे मोजून घेतो आणि बाजार करून घरी जातो. ऐन कापूस-सोयाबीनच्या दिवसात ते ठप्प झालं. मग चेक, मग आरटीजीएस, शेतकऱ्याचा खातेनंबर, आयएफएससी, एक आकडा चुकला की पैसे परत. बाबांचं काम दुप्पट झालं. आणि त्यातनं सावरतात न सावरतात तर १ जुलै २०१७ ला जीएसटी. मालक म्हणाले आता वहीवर भागणार नाही, आणि दुकानात कॉम्प्युटर आला, त्यात टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर. बाबा त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "आलं ते." एवढंच. घरात आम्हाला सगळ्यांना समजलं काय आलं ते.

मी तेव्हा थर्ड इयरला. मी टॅली शिकलेली नव्हते, पण कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचा भाऊ क्लास घ्यायचा, त्याच्याकडनं पुस्तक आणलं, आणि रविवारी मोंढा बंद असला की मालकांना विचारून बाबा आणि मी दुकानात जाऊन बसायचो. मला वाटलं होतं बाबांना जड जाईल. अजिबात नाही. माऊस धरायला दोन रविवार त्रास झाला तेवढाच, बाकी टॅलीत आहे काय, लेजर म्हणजे खतावणी, डेबुक म्हणजे कीर्द, नावे-जमा तेच. जी गोष्ट कॉमर्सच्या पोरांना वर्षभर डोक्यावरून जाते ती बाबांच्या बोटात तीस वर्षांपासून होती. व्हाऊचरला काय टाकायचं हे त्यांना माहिती, कुठलं बटन दाबायचं हे मला. मालकांनी एक पोरगा ठेवायचा विचार केला होता कॉम्प्युटरसाठी, तो ठेवला नाही. बाबाच करायला लागले. त्यांची नोकरी त्या मशीननं घेतली नाही, राहिली, आणि याच्यानंतर घरात कॉम्प्युटर हा शब्द काढला की वातावरण गरम व्हायचं बंद झालं.

पण टॅली चालवणं वेगळं आणि सॉफ्टवेअर बनवणं वेगळं, आणि यात पगार कोण देतं हा बाबांचा प्रश्न तसाच होता. त्याचं उत्तर थर्ड इयरच्या प्रोजेक्टनं दिलं. वर्गातल्या बहुतेकांनी लायब्ररी मॅनेजमेंट घेतलं, दरवर्षीचं ठरलेलं. मी हिशोबपट्टी घेतली. बाबांना म्हणलं मला सगळं सांगा, पट्टी कशी होते. म्हणजे मला माहिती होतं वरवर, पण ते सांगायला लागले तेव्हा कळलं किती बारीक काम आहे. काट्यावरचं वजन येतं ते पोत्यासकट, त्यातनं बारदान वजा. ओलावा जास्त असला तर कट. मग भाव. मग हमाली, तोलाई. मग त्या शेतकऱ्यानं पेरणीला उचल नेली असेल तर ती वळती करायची, पण सगळी नाही, काही जण म्हणतात निम्मी आता कापा निम्मी तूर आल्यावर. "हे कुठं लिहिलेलं असतंय?" मी विचारलं. म्हणाले, "कुठंच नसतंय. मला माहिती असतंय."

प्रोग्रॅम झाला, मी कॉलेजातनं प्रिंट काढून आणली, जुन्या एका दिवसाच्या पट्ट्या त्यात टाकल्या होत्या. बाबांनी चष्मा लावला आणि स्वतःची वही काढली. एकेक पट्टी बरोबर. दिवसाच्या हमालीची बेरीज मात्र त्यांच्या वहीपेक्षा काही पैशांनी जास्त. मी म्हणलं बाबा दोनतीन पैशाचं काय घेऊन बसलात. तर बाबांचा आवाज बदलला. म्हणाले, "बाई, आज दोन पैसे जुळत नाहीत म्हणजे कुठंतरी काहीतरी आहे. ते काय आहे हे माहिती नसताना झोपायचं नसतंय."

मग आम्ही दोघं बसलो. समजा माल १२.३५ क्विंटल आणि हमालीचा दर १४.७५ रुपये, तर गुणाकार येतो १८२.१६२५. पट्टीवर छापताना १८२.१६. अशा सारख्या तीन पट्ट्या असल्या तर कागदावरची बेरीज ५४६.४८. पण कॉम्प्युटर आतमधी न कापलेले आकडे धरून बसलेला असतो, तो तिन्हीची बेरीज ५४६.४८७५ करतो आणि छापताना ५४६.४९ छापतो. आला एक पैसा. माणूस वहीवर काम करतो तेव्हा तो पट्टीवर जे लिहिलं त्याचीच बेरीज मारतो, मशीन तसं आपोआप करत नाही, त्याला सांगावं लागतं. आणि दुसरी भानगड त्याच्याही खाली. कॉम्प्युटर अपूर्णांक अर्धा, पाव, अर्धपाव अशा दोनदोनच्या भागांत साठवतो, त्यामुळं त्याला ०.१ सुद्धा अचूक लिहिता येत नाही, डबल या अपूर्णांक ठेवायच्या कप्प्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली आणि सगळे आकडे छापले तर ०.३ च्या पुढं शून्यांची रांग आणि शेवटी ४ निघतो. शास्त्राच्या हिशोबाला चालतं ते. पैशाला चालत नाही.

उपाय साधा आहे, रुपये अपूर्णांकात ठेवायचेच नाहीत, सगळं पैशात, पूर्णांकात. पण टर्बो सी जुना सोळा बिटचा, त्याच्या इंटमधी, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या साध्या कप्प्यात, ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही, म्हणजे ३२७ रुपये ६७ पैसे झाले की संपलं. त्याहून मोठा कप्पा लाँग घेतला तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपयांपर्यंत जातं. मी बाबांना म्हणलं आता भरपूर झालं. बाबा म्हणाले, "वर्षाची उलाढाल काढायची का यात?" मी म्हणलं हो. "मग नाही पुरणार. सोयाबीन चांगलं आलं तर दिवाळीच्या आतच पलीकडं जातंय आपलं दुकान."

त्यानंतर त्यांनी अजून एक विचारलं आणि ते मला आजपर्यंत पुरलंय. "बरोबर अर्धा पैसा आला तर तो कुणाकडं जातोय, शेतकऱ्याकडं का दुकानाकडं?" मी गप्प बसले, कारण माझ्या एकाही पुस्तकात हा प्रश्नच नव्हता. पुढं नोकरीत जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकले तर त्यात बिगडेसिमल या अचूक आकड्यांच्या प्रकारात राऊंडिंग मोड म्हणून चीज आहे, अर्धं आलं तर वर घ्यायचं, खाली घ्यायचं का जवळच्या सम आकड्याकडं न्यायचं, ते आपण ठरवून सांगायचं असतं. जगभरातल्या बँकांच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी डोकं खाजवून काढलेला प्रश्न सेलूच्या मोंढ्यातल्या मुनिमाला आपसूक पडला, कारण त्याला समोर शेतकरी दिसतो.

त्या रात्रीनंतर बाबांचं "नको बाई" बंद झालं. हो म्हणाले असं नाही. पण ते प्रश्न विचारायला लागले, आणि प्रश्न विचारणारा बाप आणि उठून जाणारा बाप यात लई फरक आहे.

पुढं एमसीए, कॉम्प्युटरमधली पुढची डिग्री. माझ्या वेळी एमसीए तीन वर्षांचं होतं आणि बीएस्सी सीएस, बीसीए वाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला घ्यायचे, २०२० पासून ते सगळ्यांनाच दोन वर्षांचं झालं. कॅप राऊंडमधनं, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतनं नंबर लागला तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी माफ, म्हणून मॅनेजमेंट कोट्याचा विचारच केला नाही. इथं कागदपत्रांचं सांगते कारण दरवर्षी आमच्याकडच्या पोरी यात अडकतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधनं आधीच काढून ठेवा, निकाल लागल्यावर तिथं जत्रा असते. डोमिसाईल असू द्या. आणि मुलींसाठी आता लई चांगली सोय झालीय, जुलै २०२४ मधी सरकारनं निर्णय काढला, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण ॲडमिशन कॅपमधनंच पाहिजे. घरी फीवरून नाही म्हणत असतील तर आधी हे त्यांच्यासमोर ठेवा. आमच्या वेळी हे असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

पुण्याला आईचा ठाम नकार. एकटी पोरगी, लोक काय म्हणतील, स्थळं येतील का, सगळं आलं त्यात. आई ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते, तिच्याकडं दिवसभर बायका येतात आणि प्रत्येकीकडं पुण्याला गेलेल्या कुठल्यातरी पोरीची एक वाईट गोष्ट असते. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता, ती चोवीस तास त्याच गोष्टी ऐकणार. मधला मार्ग निघाला औरंगाबादचा, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. मावशी सिडकोत राहायची, सेलूहून थेट रेल्वे, आईला मनात आलं तर सकाळी निघून दुपारपर्यंत पोरीसमोर. आणि ती आली पण, पहिल्या महिन्यातच. मी तिला कॉलेजात नेलं, लॅब दाखवली, मॅडमशी गाठ घालून दिली. आमच्या मॅडम मूळच्या हिंगोलीकडच्या, त्यांनी आईशी आमच्याच बोलीत गप्पा मारल्या, त्यांचं लग्न कधी झालं, पोरं किती, सासू सांभाळते का, आई सगळं विचारून आली. परतीच्या रिक्षात म्हणाली, "तिला दोन लेकरं हायेत की." ज्या काळजीवर मी दोन वर्षं भाषणं दिली ती एका बाईला भेटून अर्धी हलकी झाली.

कॅम्पस इंटरव्ह्यूला एका कंपनीचे लोक आले, पतसंस्था आणि सहकारी बँकांचं सॉफ्टवेअर करणारे. रिझ्युममधी हिशोबपट्टी बघून त्यांनी विचारलं हे काय. मी बारदानापासून सुरू केलं ते अर्ध्या पैशापर्यंत आले. समोरचे सर मधी एकदाही थांबवेनात. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "टेस्टिंग कुणी केलं?" मी म्हणलं, माझ्या वडिलांनी. सिलेक्शन झालं. इंटर्नशिप पुण्याला, आणि यावेळी आई काही बोलली नाही, डबे भरले.

जानेवारी २०२० ला गेले आणि मार्चमधी लॉकडाऊन. कंपनीनं लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. सेलूच्या घरात, बाहेरच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी टेबल टाकून माझं ऑफिस. लाईट गेली की मोबाईलच्या नेटवर, रेंज गेली की गच्चीवर. त्रास झालाच, पण मी त्याला माझं नशीबच समजते, कारण जी नोकरी आतापर्यंत घरी कुणाला दिसत नव्हती ती रोज सकाळी घरात दिसायला लागली. साडेदहाला स्टँडअप कॉल, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. मोंढा तेव्हा कधी चालू कधी बंद, बाबा बऱ्याचदा घरीच असायचे, शेजारी बसून ऐकायचे. एकदा म्हणाले, "हे तर रोजमेळच आहे तुमचं." अगदी तेच आहे. आई शिवणाऱ्या बायकांना सांगायची, हळू बोला, ती कामावर आहे. घरात बसलेली पोरगी "कामावर" आहे हे आमच्या गल्लीत पहिल्यांदा कुणीतरी म्हणलं असेल.

नंतर पर्मनंट झाले, पुण्याला आले, नोकरी एकदा बदलली. शंका संपल्यात असं नाही. २०२३ ला सगळीकडं कपातीच्या बातम्या यायला लागल्या तर बाबांचा रात्री फोन, "तुला काढलं तर?" मी त्यांना खोटा धीर दिला नाही. सांगितलं की होऊ शकतं, सहा महिन्याचा खर्च बाजूला ठेवलाय, आणि तो कुठं ठेवलाय ते पण सांगितलं. ऐकून शांत झाले. त्यांना खात्री नको असते, त्यांना हिशोब पाहिजे असतो. आणि आता तर एआय. या संक्रांतीला घरी गेले तर म्हणाले, "काय गं, आता तुमचं मशीनच तुमची मुनिमी घेणार म्हणतेत." त्यांच्या चेहऱ्यावर तीच काळजी होती, रसवंतीवाल्या काकांची. मी त्यांना दाखवलं, माझ्याच लॅपटॉपवर, हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम लिहायला सांगितला एआयला, मिनिटभरात लिहून दिला. बाबांनी तपासला. बारदान वजा नव्हतं केलेलं, उचल एकदम सगळीच कापत होता, आणि पैसे अपूर्णांकात. "याला मोंढा माहिती नाही," बाबा म्हणाले. मी म्हणलं सांगितलं तर करतंय, पण काय सांगायचं ते माहिती असणारं माणूस लागतंय, आणि मी ते माणूस व्हायला धडपडतेय. पुढं काय होईल ते मला ठामपणे सांगता येत नाही आणि मी त्यांना तसंच सांगितलं.

आता मामाच्या पोरीचं चाललंय. हाच मामा, ॲग्री कर म्हणणारा. तिला डिप्लोमा झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय, पुण्याला, आणि मामा म्हणतोय "बनी तो बनी, नहीं तो परभणी, परत यावंच लागतंय शेवटी, मग जावं कशाला." गेल्या महिन्यात बाबा स्वतः एसटीनं मामाकडं गेले, मला न सांगता. जाताना तिच्यासाठी माझी ती जुनी वही घेऊन गेले आणि नवीन पानावर आजची फी, होस्टेल, माफी, सगळं मांडून दिलं. मामा अजून "बघू" म्हणतोय. उत्पन्नाचा दाखला मात्र काढायला टाकलाय.